खंडेनवमीला पुसलेली कोठी

माझ्या नोकरीतला निम्मा वेळ पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघण्यात गेला आणि उरलेला निम्मा, ती लाल अक्षरं का आली हे होनराव साहेबांना समजावण्यात. मग काम कधी केलं, असं कुणी विचारेल. मलाही तोच प्रश्न पडतो.

होनराव साहेब म्हणजे आमचे मालक. सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या मागे आमच्या तीन खोल्या आहेत. तिथे आम्ही यंत्रमागाला जोडायचा एक डबा बनवतो. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाचा सांगाडा असतो. कुठला उभा धागा कधी उचलायचा हे तो ठरवतो आणि त्यातून टॉवेलवर मोर उमटतो, फुलं उमटतात, नाहीतर एखाद्या लॉजचं नाव उमटतं. पूर्वी त्याला हुकूम द्यायला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ असायची. आता आमचा डबा असतो. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्यात लिनक्स चालतं. मागवाल्यांना त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. एक गृहस्थ डबा गरम असतो म्हणून त्यावर रोज जेवणाचं भांडं ठेवायचे. एक दिवस आमटी आत गेली, तेव्हा त्यांनी फोन करून ‘हे वॉरंटीत बसतंय का’ एवढंच विचारलं.

या छोट्या कॉम्प्युटरसाठी लिनक्स तयार करून देणारं एक अवजार असतं, त्याला बिल्ड टूल म्हणतात. आमच्या टूलचं नाव मुद्दाम सांगत नाही, ते घेतलं की अजून माझं डोकं उठतं. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर सगळं आयतं येतं. या टूलला आयतं काही चालत नाही. त्याच्याकडे भाकरी मागितली तर ते आधी तवा घडवायला बसतं. तवा झाला की जातं. मग ज्वारी कुठल्या रानातली, ते विचारतं. मी मूळची मंगळवेढ्याची, ज्वारीचं मला कमी कौतुक नाही, पण भूक लागलेली असताना हे सगळं ऐकवत नाही. प्रत्येक पदार्थाची एक रेसिपी असते. टूलमध्येही तिला रेसिपीच म्हणतात. सामान इंटरनेटवर कुठून आणायचं, ते अस्सल आहे का कसं तपासायचं, कसं शिजवायचं, कुठे वाढायचं, असं सगळं तिच्यात लिहिलेलं. अशा शेकडो रेसिप्या. एकीत एक कंस कमी पडला तरी टूल हात वर करतं. पहिल्यांदा सगळं शिजायला अख्खा दिवस जातो, तोही सोलापुरात अख्खा दिवस लाईट राहिली तर.

आणि चूक झाली की टूल ती सरळ सांगेल तर शपथ. शेवटच्या ओळीत फक्त ‘काम फसलं’ एवढंच असतं. का फसलं, ते पानभर वर कुठेतरी दडलेलं असतं. होनराव साहेब नेमका त्या शेवटच्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवायचे आणि खाली लिहायचे, ‘फसलं म्हणतंय.’ एकदा त्यांनी सगळं काम ‘न्यू फायनल डबा’ असं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये हलवलं. नावातल्या शब्दांमध्ये मोकळी जागा असली की हे टूल जागच्या जागी बसतं. हे शोधायला माझी दुपार गेली. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “एवढं मोठं टूल आणि एवढ्याशा जागेवरून रुसतंय व्हय?” माणूस मनाचा मोठा, पगार कधी अडवला नाही, आजारपणात घरी जेवणाचा डबा पाठवला. पण त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला की मी हातातलं काम टाकून धावायचे.

आता कोठीचं सांगते. टूल एकदा इंटरनेटवरून सामान आणलं की ते एका फोल्डरमध्ये साठवून ठेवतं. पुढच्या वेळी आधी त्या कोठीत बघतं, तिथे मिळालं तर बाहेर जात नाही. आमच्याकडे ही कोठी वर्षानुवर्षं भरत आली होती. बाहेरच्या जगात यातल्या कितीतरी गोष्टी बंद पडल्या, मालक बदलले, पत्ते बदलले. आम्हाला पत्ताच नव्हता, कारण आमच्या घरात सगळं होतं. दुर्दैव असं की या फोल्डरचं नाव ‘डाऊनलोड्स’ असतं. आणि डाऊनलोड्स म्हटलं की जगातल्या प्रत्येक माणसाला कचरा आठवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर, सगळं पुसून मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. बिल्डचा मोठा कॉम्प्युटरही त्या दिवशी बंद. साहेबांचा दंडक असा की अवजार पूजेला बसायच्या आधी आतून-बाहेरून स्वच्छ झालं पाहिजे. गेल्या वर्षी मी सुट्टीवर मंगळवेढ्याला होते. साहेबांनी ब्लोअरने कॉम्प्युटरमधली धूळ उडवली, पंखा पुसला, आणि ‘आतून’ म्हणजे अगदी आतून, म्हणून डाऊनलोड्स फोल्डरही पुसून टाकला. कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमधूनही काढून टाकला. मग माळ घातली, नारळ फोडला आणि मला फोटो पाठवला. ‘लई हलकं झालंय मशीन’ असं खाली लिहिलं होतं.

बॅकअप होता का, तर होता. कोठी सोडून सगळ्याचा होता. “नेटवरचं सामान नेटवर असतंयच की, त्याला कशाला डिस्क अडवायची,” हेही साहेबांचंच.

दसऱ्यानंतर परतीच्या पावसात वीज पडली आणि पूर्व भागातल्या एका गल्लीतली बरीच यंत्रं जळाली. त्यात नरसम्मा अक्कांच्या दोन्ही मागांचे आमचे डबे गेले. दोन्ही डबे पिशवीत घालून त्या स्वतः ऑफिसात आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून समोर बसल्या.

अक्का पद्मशाली घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी मराठी. लहानपणापासून त्या विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. अशी अर्धी हयात काढून त्यांनी दोन जुने माग घेतले, त्यांना आमचे डबे बसवले आणि सूप माळ्यावर टाकलं. बोटांची टोकं अजून पिवळी होती.

“मॅडम, मला टॉवेल विणायला देणारा जॉबवाला दिवाळीपतोर थांबतो म्हणलाय,” त्या म्हणाल्या. “त्याच्या पुढं त्यो काम दुसरीकडं देतोय. मग ह्ये माग ठेवून मी काय करू? भंगारवाला आत्ताच दारात येऊन बघून गेलाय. सूप हाय अजून माळ्यावर. पण त्यात हात घालायचा न्हाय मला परत.”

“होतंय की अक्का,” होनराव साहेब आतून म्हणाले. “मॅडम हायत न्हवं.”

मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, कारण तेव्हा मलाही ते सोपंच वाटत होतं. डब्यातल्या छोट्या कॉम्प्युटरचे जुने बोर्ड बाजारातून गेले होते. नवे होते ते वेगळ्या प्रोसेसरचे. जुन्या डब्यातला तयार प्रोग्राम उचलून नव्यात टाकता येत नाही, सगळं मूळ सोर्सपासून, म्हणजे माणसाने हाताने लिहिलेल्या प्रोग्रामपासून, पुन्हा शिजवावं लागतं. पण रेसिप्या तयार होत्या. टूलला फक्त सांगायचं, की आता ताट बदललंय.

मी सांगितलं. टूल कोठीत गेलं, कोठी रिकामी, म्हणून बाहेर निघालं. आणि मग ती लाल अक्षरं सुरू झाली. एक सामान मिळालं, दुसऱ्याचा पत्ता बदलला, तिसऱ्याची जागा बंद. मी साहेबांना विचारलं, कोठीचं काय झालं? त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी पाणी प्यायले, गच्चीवर एक फेरी मारली आणि खाली येऊन काही न बोलता एकेक पत्ता शोधायला बसले. बोलले असते तर नोकरी तरी गेली असती नाहीतर साहेब.

बाकीचं सगळं मिळालं. या जगात जुनी सामानं जपून ठेवणारी भली माणसं आहेत, त्यांच्या कोठ्या आहेत. एकच मिळेना. जॅकार्डच्या धागे उचलणाऱ्या हुकांशी बोलणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा एक तयार तुकडा. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने ती लिहून जगाला फुकट दिली होती. ती हुकांची भाषा कुठे छापलेली नाही, त्याने ती स्वतः उकलून काढली होती. आमचा सगळा धंदा त्या छोट्या लायब्ररीवर उभा, आणि तिचं नावसुद्धा ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या माणसाला ईमेल केलं, ते परत आलं. त्याच्या वेबसाईटच्या जागी आता ऑनलाईन जुगाराची जाहिरात होती.

गंमत म्हणजे टूलने सुरुवातीला सामान मिळालं असंच सांगितलं. कारण त्या पत्त्यावर काहीतरी होतं. टूलने ते आणलं आणि तपासलं. प्रत्येक सामानाचा एक लांबलचक आकडा रेसिपीत लिहिलेला असतो. सामानात एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा जुळत नाही. जुळला नाही. टूल म्हणालं, तू लिहिलेला आकडा हा, मला मिळालेला हा. आणि वर मदत म्हणून तो नवा आकडा नीट लिहून दिला, हवा असेल तर रेसिपीत चिकटव म्हणून.

साहेब माझ्या खांद्यामागून बघत होते. “मग चिकटवा की मॅडम. त्येच म्हणायलंय चिकटवा म्हणून.”

“साहेब, त्याने आणलंय ते जुगाराच्या जाहिरातीचं पान आहे.”

“पण आकडा जुळंल न्हवं?”

इथे मी पहिल्यांदा आवाज चढवला आणि पुसलेल्या कोठीचा रागही त्यातच बाहेर पडला. इतकी वर्षं या टूलला मी शिव्या घातल्या, पण त्या दिवशी ते बरोबर होतं आणि आमचं ऑफिस चूक होतं. माणसाने सांगितलं की हीच ज्वारी, तर ते मान डोलावत नाही, दाणा तोंडात टाकून बघतं. हा त्याचा स्वभाव मला उभं आयुष्य छळत आलाय आणि त्याच स्वभावामुळे मी त्याला सोडू शकले नाही. साहेब मात्र चहा मागवायला गेले.

अक्कांचा रोज फोन येत होता. आधी, “काय करायलाव मॅडम?” मग, “झालं का?” मग फोन लावायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. मागे माग चालल्याचा खडखडाट ऐकू यायचा, तो शेजारच्यांचा.

शेवटी मी इक्बालभाईंना फोन केला. आमचे जुने इंजिनिअर, आता निवृत्त. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर जुनं काही असेल अशी वेडी आशा. नव्हतं. पण ते म्हणाले, “मॅडम, सीडी दिए थे ना अपन, हर डब्बे के साथ. तुम लोगां हसते थे मेरे कू.”

आठवलं. अशा फुकट मिळालेल्या लायब्ऱ्यांच्या परवान्यात एक अट असते. ज्याला तुम्ही डबा विकाल, त्याला त्या लायब्ररीचं मूळ सोर्सही मागेल तेव्हा द्यायचं. कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. इक्बालभाई मात्र हट्टाने प्रत्येक डब्यासोबत एक सीडी द्यायचे. मागवाल्याला सोर्स कशाला, म्हणून आम्ही सगळे हसायचो. ते म्हणायचे, ज्याचं खाल्लं त्याची अट पाळायची. ते निवृत्त झाले आणि सीडीही बंद झाली.

मग मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावत सुटले. एकाने सीडी हरवली होती, एकाच्या पोरांनी तिची चकती करून उडवली होती. माळशिरसला माग घेऊन गेलेले एक जण म्हणाले, “ती व्हय? ती डाळिंबात बांधली हाय. लई चमकती, पाखरं फिरकत न्हाईत.” दोन उन्हाळे बाहेर काढलेल्या त्या सीडीचा त्यांनी फोटो पाठवला. ती काचेसारखी आरपार झाली होती, पाखरं तिला का घाबरत होती कोण जाणे.

अक्कांना विचारायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ज्या बाईला आपण डबा द्यायचाय, तिच्याकडेच सामान मागायला जायचं, याची लाज वाटत होती. पण गेले.

दार उघडंच होतं. आत दोन्ही माग गप्प उभे आणि त्यांच्यामध्ये जमिनीवर अक्का बसलेल्या. मांडीवर सूप. पानं कापून झाली होती, बोटं चालू होती. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

“बसा,” त्या म्हणाल्या. “घर तर चालायला पायजे की.”

मी सीडीचं विचारलं. त्यांनी मानेनेच मागाकडे खूण केली. दोन्ही मागांच्या मागच्या खांबाला, डब्याच्या जागेच्या वर, सुतळीने एकेक सीडी बांधलेली. चकाकती बाजू बाहेर. त्या चकाकीवर मधोमध कुंकवाचा मोठा टिळा आणि सुकलेलं झेंडूचं फूल.

“डब्यासंगं आलती, म्हंजे डब्याचीच न्हवं?” अक्का म्हणाल्या. “नवमीला मागाला कुंकू लावते, डब्याला लावते, तिलाबी लावते. पुसून लावते, मॅडम. घाण ठेवत न्हाय.”

मी तिथेच मागाच्या चौकटीला टेकून उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. त्याच सणाने आमच्या ऑफिसातली कोठी पुसली होती आणि त्याच सणाने ही जपली होती.

सीडी काढायची म्हटल्यावर अक्कांचा हात पहिल्यांदा थबकला. पूजेची वस्तू मध्येच सोडवायची त्यांना पटेना. मग सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, मागाला हात जोडले आणि दोन्ही सुतळ्या सोडवल्या. ओलं फडकं घेऊन घासायला निघाल्या, तेवढ्यात मी ओरडले. त्यांच्याच मागावरच्या मऊ टॉवेलच्या तुकड्याने मी कुंकू हलक्या हाताने पुसलं, मधून बाहेर, मधून बाहेर. डाग पूर्ण गेला नाही.

आता सीडी वाचायची कशावर? आमच्या ऑफिसात एवढे कॉम्प्युटर, एकालाही तिची खाच नाही. लग्नाच्या सीड्या करून देणाऱ्या एका फोटोवाल्याकडे सीडी वाचणारा जुना कॉम्प्युटर निघाला, काउंटरखाली, फोटोफ्रेमांच्या ढिगात. पहिली सीडी निम्म्यावर जाऊन अडकली आणि आतून रडल्यासारखा आवाज करू लागली. फोटोवाला म्हणाला, “कुंकू लई जुनं दिसतंय.” दुसरी घातली. तीही एका जागी थांबली, थांबली, आणि मग पुढे सरकली. ती लायब्ररी सगळी उतरली. फोटोवाला पैसे घेईना, म्हणाला, पूजेतलं आहे.

ऑफिसात येऊन फाईल रिकाम्या कोठीत ठेवली आणि टूल चालवलं. त्याने फाईल घेतली, आकडा काढला, रेसिपीतल्या आकड्याशी ताडून बघितला आणि काही न बोलता पुढे गेलं. या टूलचं कौतुक करायची पद्धत एवढीच आहे. मी मात्र खुर्चीत मागे रेलून साहेबांना हाक मारली. ते आले, पडदा बघितला आणि म्हणाले, “काहीच लिहिलं न्हाई की.”

त्यानंतरही त्याने छळलं. जुनं सोर्स आणि ते शिजवणारा नवा कंपायलर, दोघांचं पटेना. एक रेसिपी दुसरीसाठी अडून बसली. मध्येच लाईट गेली आणि अर्धवट फाईल खरी समजून टूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच चुकीवर फिरत राहिलं. पण हे नेहमीचं होतं, याची मला सवय आहे. दिवाळीच्या तोंडावर दोन डबे तयार झाले आणि ते बसवायला मी स्वतः गेले.

माग सुरू झाला. जॅकार्डचे हूक वर गेले, खाली आले, आणि टॉवेलवर मोराची मान हळूहळू दिसू लागली. दुसराही लागला. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून अक्का माझा हात धरून नुसत्या दाबत राहिल्या. मग जाऊन परत सुपापाशी बसल्या आणि विड्या वळू लागल्या. मी खुणेने विचारलं, आता कशाला? त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “आणलेली पानं कारखान्यात माघारी घेत न्हाईत. वळूनच द्यावं लागतंय.”

नव्या डब्यांसोबत मी त्यांना दोन पेनड्राइव्ह दिले, अट पाळून, सगळं सोर्स भरून. होनराव साहेबांनी कोठीच्या तीन प्रती करवून घेतल्या आणि एक स्वतःच्या देवघरात ठेवली. माझं बोलणं त्यांना इतकं लागलं असेल असं वाटलं नव्हतं.

यंदा खंडेनवमीला अक्कांनी बोलावलं म्हणून गेले. माग धुऊनपुसून बंद होते. माळा घातलेल्या, डब्यांना टिळे, खांबाला जुन्या सीड्या परत बांधलेल्या आणि शेजारी पेनड्राइव्ह लोंबत होते. चकाकत्या बाजूला पुन्हा ताजं कुंकू. मी म्हटलं, अक्का, निदान मागच्या बाजूला लावा. त्या म्हणाल्या, “पाठीला कोण कुंकू लावतंय मॅडम?” मी पेढा तोंडात टाकला.

मग माझं लक्ष खाली गेलं. पाटावर पक्कड, पाना, तेलाची बुधली आणि त्यांच्या मधोमध ते विडीचं सूप. स्वच्छ घासलेलं, चारी कोपऱ्यांना हळद, मधे कुंकू. आधीच्या वर्षांच्या पूजेचे फोटो अक्कांनी मला दाखवले होते, त्यात सूप कधीच नव्हतं.

“हे का मांडलंय?” मी विचारलं.

अक्कांनी सुपावर एक फूल ठेवलं. “तुमचा डबा बंद होता तवा ह्येच चालू होतं की,” त्या म्हणाल्या. “ह्येला इसरून कसं चालंल?”